बॉक्स गेला, बिल राहिलं

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या एखाद्या डिस्ट्रोने, म्हणजे ती वापरायला तयार करून देणाऱ्या प्रकल्पाने किंवा कंपनीने, पैसे मागितले की वाद ठरलेल्या वाटेने सुरू होतो. एक बाजू म्हणते, असंख्य लोकांनी विनामोबदला लिहिलेलं सॉफ्टवेअर विकणं हा विश्वासघात आहे. दुसरी म्हणते, मग काम करणाऱ्यांनी जगायचं कशावर? मधूनच कुणाला जुना बॉक्स आठवतो: जाडजूड मॅन्युअल, सीड्यांचा संच, आत नोंदणीचं कार्ड. त्यावर लगेच उत्तर येतं की आता वेगवान इंटरनेट आहे, तबकड्या कुणाला हव्यात? इथे बोलणं थांबतं आणि प्रश्न होता तिथेच राहतो. माझ्या मते हा सगळा वाद चुकीच्या वस्तूभोवती फिरतो आहे. तबकडी विकावी की फाइल फुकट द्यावी, हा निवडीचा मुद्दाच नाही. फाइल संपूर्ण, पहिल्याच दिवशी आणि कुणालाही विनाअट मिळाली पाहिजे. आणि तरीही डिस्ट्रोने काही तरी विकलंच पाहिजे. विकायची ती त्या फाइलची जबाबदारी. बॉक्समधली किमती गोष्ट तीच होती, आणि बॉक्स टाकून देताना आपण तीही टाकून दिली.

नैतिक आक्षेपाला आधी उत्तर द्यायला हवं, कारण तो खरा असेल तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ असल्यामुळे तिथे गोंधळ होतो, हे समजू शकतं. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन स्वतंत्र शब्द असताना आपण तोच गोंधळ का घालावा? १९८५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन आपल्या जीएनयू ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होते. तोच ईमॅक्स एफटीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या फाइल-भांडारातून, विनामूल्य उतरवून घेता येत होता. ज्यांच्यापर्यंत नेटवर्क पोचलं नव्हतं ते टेपचे पैसे देत, आणि टेप हातात पडल्यावर तिच्या हव्या तितक्या प्रती काढून वाटत. १९९१ मध्ये आलेल्या, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं कलम १ सांगतं की प्रत पोचवण्याच्या कामाचं शुल्क घेता येईल आणि मोबदला घेऊन हमीही देता येईल. कलम ३ म्हणतं, नुसता बायनरी (यंत्राला चालवता येणारं रूप) देणार असाल तर सोर्स कोड (माणसाला वाचता-बदलता येणारं रूप) सोबत द्या, नाही तर तो देण्याची किमान तीन वर्षं टिकणारी लेखी हमी द्या. कलम ६ म्हणतं, घेणाऱ्यावर परवान्यापलीकडची बंधनं लादू नका. या तिन्ही कलमांना पैसा चालतो. पैसे घेतल्यावर पुढच्या माणसाचा रस्ता अडवणं मात्र चालत नाही.

लिनक्सचा स्वतःचा इतिहास याहून बोलका आहे. सप्टेंबर १९९१ मधल्या ०.०१ आवृत्तीचा परवाना लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी स्वतः लिहिला होता आणि त्यात पैसे घ्यायला मनाई होती, अगदी प्रत काढण्याच्या खर्चापुरतेही नाही. हेतू चांगला होता. परिणाम असा की दुसऱ्यासाठी फ्लॉपींचा संच करून देणाऱ्याने कोऱ्या फ्लॉपींचे पैसे मागितले तरी परवान्याचा भंग होत होता. १९९२ च्या सुरुवातीला ०.१२ आवृत्तीबरोबर त्यांनी ही अट काढून जीपीएलकडे जायचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस यग्द्रासिल ही डिस्ट्रो सीडीवर आली. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आलं, पहिल्या आवृत्तीत २४ फ्लॉपींचं, आणि पुढे वॉलनट क्रीक कंपनी त्याच्या सीड्या विकू लागली. हीच कंपनी मोठं एफटीपी सर्व्हर चालवून तोच माल फुकटही देत होती. विकणारा आणि वाटणारा एकच होता, आणि त्यात कुणाला विसंगती वाटली नाही. ती मनाई कायम राहिली असती तर ज्यांच्या घरी मोडेमही नव्हता त्यांच्यापर्यंत लिनक्स कोण घेऊन गेलं असतं?

आता दुसरी बाजू, आणि ती भक्कम आहे. बॉक्सची गरज ज्या अडचणीतून निर्माण झाली ती अडचण बहुतांश संपली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ५६ के मोडेमवर सेकंदाला ५ किलोबाइट मिळाले तरी ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायला साधारण ३७ तास लागत. रेड हॅट कंपनीच्या डिस्ट्रोच्या, रेड हॅट लिनक्स ९ च्या, इन्स्टॉलेशनच्या तीन सीड्या होत्या, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त, आणि तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. आज ५० एमबीपीएसच्या जोडणीवर ४ गिगाबाइटची आयएसओ (पूर्ण तबकडीची एका फाइलीतली प्रत) ११ मिनिटांच्या आसपास उतरते. तबकडी वाचायला ड्राइव्ह लागतो आणि नव्या लॅपटॉपमध्ये तो नसतो. त्यातच बॉक्स जन्मतः शिळा असे. मास्टर प्रत तयार झाल्यावर तबकड्या दाबणं, मॅन्युअल छापणं, पॅक करणं, दुकानापर्यंत पोचवणं यात आठवडे जात. तोवर सुरक्षा-दुरुस्त्यांचा ढीग साचलेला असे. इन्स्टॉल झाल्या झाल्या पहिलं काम म्हणजे शेकडो मेगाबाइटचे अपडेट उतरवणं, म्हणजे ज्या मंद जोडणीमुळे बॉक्स घेतला तिच्याच माथी पुन्हा भार. पाच सीड्यांच्या संचात तिसरीवर चरा असला की इन्स्टॉलेशन साठ टक्क्यांवर अडायचं, आणि अर्धवट डिस्कवर ना जुनी प्रणाली ना नवी. बॉक्स परत आणा असं मी म्हणत नाही, ते याच कारणांसाठी.

पण 'फाइल उतरली' आणि 'लिनक्स चालू झालं' यांच्यामधलं अंतर इंटरनेटच्या वेगाने कमी झालेलं नाही. उलट ते वाढलं आहे. पेनड्राइव्ह तयार करायला आधी एक चालता संगणक लागतो. ज्याचा एकुलता एक संगणक बंद पडला आहे त्याला जगातलं सगळ्यात वेगवान डाउनलोडही उपयोगाचं नाही. संगणक असला तरी पहिली चूक ठरलेली: आयएसओ फाइल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर कॉपी करायची आणि ती बूट का होत नाही म्हणून डोकं धरायचं. ती प्रतिमा बाइट-बाय-बाइट ड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरपासून लिहावी लागते, हे नवख्याला कुणी सांगितलेलं नसतं. काही जण व्हेंटॉयसारख्या साधनाने नुसती फाइल टाकून काम भागवतात, तर तिथे फॅट३२ या ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची मर्यादा आडवी येऊ शकते. त्या फाइल सिस्टिममध्ये ४ गिबिबाइट किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही. ड्राइव्हवर थेट लिहिणारी 'डीडी' ही कमांड वापरणारे एक अक्षर चुकवतात, एसडीबीऐवजी एसडीए लिहितात, आणि पेनड्राइव्हऐवजी आतल्या डिस्कचं पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची नोंद) पुसलं जातं. लिहून झाल्याचा संदेश दिसताच पेनड्राइव्ह ओढून काढला तर शेवटचा भाग अजून मेमरीतच असतो. मग इन्स्टॉलर अर्ध्यात स्क्वॅशएफएसची, म्हणजे दाबून भरलेल्या फाइली वाचता न आल्याची, चूक दाखवून थांबतो आणि दोष लिनक्सला लागतो.

यापुढचे अडथळे तर फाइलीत नसतातच, मशीनमध्ये असतात. बूट मेनूची कळ प्रत्येक उत्पादकाची वेगळी: एफ१२, एफ९, एस्केप. पेनड्राइव्ह लेगसी या जुन्या पद्धतीने बूट केला आणि आधीची विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीवर असली, तर नवा बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) आणि जुना बूटलोडर एकमेकांना ओळखत नाहीत. सिक्युअर बूट (सही केलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) बंद केलं की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन, पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती कुठे ठेवली आहे हे आठवण्याची ती वेळ नसते. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तिचं पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत असतं, त्यावर लिहायला गेलं तर डेटा बिघडू शकतो. डिस्क कंट्रोलर इंटेलच्या आरएसटी मोडमध्ये असला तर कित्येकदा इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. कंट्रोलर एएचसीआय या सर्वसामान्य मोडवर टाकावा तर आधी विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये सुरू करायची तयारी ठेवावी लागते, नाही तर तीही उठत नाही. यातलं एकही उत्तर आयएसओमध्ये नाही. सगळी उत्तरं नेटवर आहेत, हे खरं, पण विखुरलेली, वेगवेगळ्या वर्षांची, एकमेकांना छेद देणारी. बॉक्समधलं मॅन्युअल याच पायऱ्या एका क्रमाने, त्याच आवृत्तीसाठी सांगायचं. सुसे या जर्मन डिस्ट्रोच्या बॉक्सबरोबर ९० दिवसांची इन्स्टॉलेशनची मदत मिळत असे. पैसे त्यासाठी होते. प्लास्टिकच्या तबकडीची किंमत कुणी मोजली होती?

फुकट डाउनलोडची आणखी एक बाजू आहे जिच्याबद्दल फार थोडे बोलतात: मिळालेली फाइल खरी कशावरून? २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या डिस्ट्रोच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा मागचं दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवला गेला. त्या दिवशी ती उतरवणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, ते अधिकृत पानावरूनच गेले होते. 'चेकसम तपासा', म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा जुळवून पाहा, हा सल्ला इथे तोकडा पडतो. जो दुवा बदलू शकतो तो शेजारचे चेकसमचे आकडेही बदलू शकतो. तपासायची असते ती चेकसमच्या यादीवरची जीपीजी ही डिजिटल सही, आणि त्या सहीची चावी खरी आहे हे दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने कळावं लागतं. तीच चावी त्याच पानावरून घेतली तर आपण चोरालाच ओळखपत्र विचारतो आहोत. छापील बॉक्समध्ये ही दुसरी वाट आपोआप असे. चावीचा ठसा म्हणजे ४० हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ) अक्षरं, कागदाच्या कोपऱ्यात मावणारी. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या सिग्निफाय या सहीच्या साधनाची सार्वजनिक चावी तर ५६ अक्षरांची एकच ओळ आहे. कागदावर छापून गेलेली ओळ रात्रीतून कुणी बदलू शकत नाही. डाउनलोडच्या युगात ही गोष्ट बॉक्सच्या काळापेक्षा जास्त मोलाची झाली आहे.

मग बॉक्स बुडाला का? ठरलेलं उत्तर असं: आयएसओ फुकट दिली, म्हणून कुणी विकत घेईना. हे तर्कशुद्ध वाटतं, आणि मांड्रेककडे बोट दाखवता येतं: आयएसओ फुकट देणारी, बॉक्स विकणारी कंपनी, जानेवारी २००३ मध्ये न्यायालयाचं संरक्षण मागण्याची पाळी आली. पण त्या कंपनीचा पैसा मोठ्या प्रमाणात ई-लर्निंगच्या फसलेल्या उद्योगात गेला होता. शिवाय याच काळात तिला हात दिला तो मांड्रेक क्लबच्या सभासदांनी, म्हणजे आयएसओ फुकट मिळत असताना वर्गणी भरणाऱ्यांनी. ज्या सॉफ्टवेअरची फुकट प्रत कायदेशीरपणे कधीच मिळत नव्हती त्याचे बॉक्स तरी कुठे टिकले? फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने २०१३ मध्ये क्रिएटिव्ह सूट थांबवून त्यातली प्रमुख सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनवर नेली. तिथे तर उतरवायला कुठली मुक्त आयएसओ नव्हती. दोन्हीकडे एकच गोष्ट घडली असेल तर कारणही दोन्हीकडे असलेलंच शोधायला हवं.

ते कारण हिशेबात आहे. बॉक्सचे पैसे एकदा मिळतात, खर्च मात्र रोज होतो. ४० ते ८० डॉलरच्या किमतीतून दुकानदाराचा आणि वितरकाचा वाटा, छपाई, वाहतूक आणि न खपता परत आलेल्या मालाचं नुकसान वजा केलं की उरतं ते थोडं. ते उरलेलंही विक्रीच्या पहिल्या काही आठवड्यांत येऊन जातं. त्यानंतर दीड-दोन वर्षं कर्नल (प्रणालीचा गाभा), ब्राउझर, ओपनएसएसएल (नेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर) यांतली प्रत्येक नवी फट बुजवायची, ती जुन्या आवृत्तीत मागे नेऊन बसवायची, सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर तपासायची. हे काम पुढचा बॉक्स किती खपेल या आशेवर चालायचं. पुढच्या आवृत्तीत कुणाला रस वाटला नाही की मागच्या ग्राहकाच्या सुरक्षेचा पैसा आटला. रेड हॅटने हे लवकर ओळखलं. २००२ मध्ये कंपनीने ॲडव्हान्स्ड सर्व्हर २.१ ही मोठ्या संस्थांसाठीची आवृत्ती वर्षाच्या सबस्क्रिप्शनवर आणली. ३१ मार्च २००३ ला रेड हॅट लिनक्स ९ काढून ती मालिकाच थांबवली, नोव्हेंबरमध्ये फेडोरा कोअर १ ही फुकट डिस्ट्रो आली, आणि ३० एप्रिल २००४ ला ९ चे अपडेट संपले. ज्याने बॉक्स पहिल्या दिवशी घेतला त्याला पुरते तेरा महिने मिळाले. कंपनीच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. ग्राहकाने मात्र बॉक्सवर विश्वास टाकला होता.

या कोंडीतून सुटायला काहींनी जो मार्ग घेतला तोच मला सगळ्यात घातक वाटतो: डाउनलोड मुद्दाम अधू करणं. सुसेच्या बॉक्सच्या काळात पूर्ण आयएसओ मिळत नसत. बॉक्स आधी बाजारात येई, आणि एफटीपीवरून इन्स्टॉल करण्याची सोय बऱ्याच उशिराने. यास्ट या त्यांच्या मुख्य साधनाचा परवानाही २००४ पर्यंत असा होता की त्याच्या सीड्या करून परस्पर विकता येत नसत. रेड हॅट ९ च्या आयएसओ पैसे भरणाऱ्या सभासदांना एक आठवडा आधी मिळाल्या. या मार्गाच्या बाजूने जोरकस युक्तिवाद आहे: परवाना पाळला जातो, सगळ्यांना शेवटी मिळतंच, आणि थोड्या उशिराच्या बदल्यात पगार निघतात. एका आठवड्याने कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं ते असं. नव्या आवृत्तीचे पहिले काही दिवस म्हणजे सर्वांत जास्त चुका सापडण्याचे दिवस. प्रयोगशाळेत नसलेले हजारो प्रकारचे ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय चिप, प्रिंटर तेव्हाच समोर येतात. ती चाचणी करणारे बहुतेक लोक पैसे न देणारे असतात. त्यांना दारात थांबवलं की चुका पैसे देणाऱ्याच्या मशीनवर सापडतात. म्हणजे ज्याने किंमत मोजली त्याच्याच वाट्याला कच्चा माल. शिवाय उशीर विकण्यात कंपनीचं हित फिरतं. डाउनलोड जितकं अवघड, बॉक्स तितका खपणार. मग फुकट आवृत्तीच्या पानावरचा तुटलेला दुवा दुरुस्त करायची घाई कुणाला राहील? ऑगस्ट २००५ मध्ये ओपनसुसे हा सुसेचा खुला प्रकल्प सुरू झाला, बीटा (चाचणीची आवृत्ती) सर्वांना खुली झाली, आणि ऑक्टोबरमधली १०.० बॉक्समध्येही आली आणि उतरवूनही घेता आली. त्यानंतरही बॉक्स कित्येक वर्षं निघत राहिला. पूर्ण डाउनलोड समोर असताना लोक छापील पुस्तक आणि मदत यांसाठी पैसे देतात, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? स्वामित्वहक्क संपलेले जुने ग्रंथ आजही छापून विकले जातात. मजकूर कुणीही कुठूनही घेऊ शकतो. वाचक पैसे देतो ते शुद्ध पाठाचे, टिपांचे, चांगल्या बांधणीचे.

'देणगी घ्या, विकता कशाला?' हा आणखी एक प्रामाणिक प्रश्न. देणगीला माझा विरोध नाही, पण तिचा स्वभाव पाहायला हवा. ती कौतुकातून येते, आणि कौतुक दिसणाऱ्या गोष्टींचं होतं. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली फट उघडकीला आली तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटचा मोठा भाग ज्याच्यावर उभा आहे त्या ओपनएसएसएलला वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती. मोठ्या कंपन्यांचा पैसा आला तो अपघातानंतर. त्याच वर्षी जानेवारीत ओपनबीएसडीने २०,००० डॉलरच्या वीजबिलासाठी हाक दिली आणि पैसे जमले, पण तेही सर्व्हर बंद पडतील असं सांगावं लागल्यावर. याच प्रकल्पाने कित्येक वर्षं सीड्यांचे संच विकून खर्चाला हातभार लावला होता. २०१६ मधली ६.० ही सीडीवर आलेली शेवटची आवृत्ती. उबुंटू या डिस्ट्रोची शिपइट योजना जगभर फुकट सीड्या टपालाने पाठवायची, ती एप्रिल २०११ मध्ये थांबली. कुणाच्या तरी खिशातून जाणारं फुकट त्या खिशाइतकंच टिकतं. विक्रीचा फायदा असा की ती संकटाची वाट पाहत नाही. आणि घेणाऱ्याला विचारण्याचा हक्क मिळतो, जो देणगीदाराला नसतो.

मग सबस्क्रिप्शन हेच उत्तर झालं ना? मोठ्या संस्थांसाठी, हो. पण २००३ मध्ये रेड हॅटचा बॉक्स गेल्यावर घरचा वापरणारा, चार संगणकांचं कार्यालय, छोटी शाळा यांच्यासाठी मधली पायरीच नाहीशी झाली. एका टोकाला एंटरप्राइझची किंमत, दुसऱ्या टोकाला वर्षभरात जुना होणारा फेडोरा. ही पोकळी २००४ पासून सेंटओएसने, म्हणजे रेड हॅटच्या एंटरप्राइझ आवृत्तीच्या सोर्स कोडपासून बनवलेल्या फुकट नकलेने, भरली, पण ज्याला वापरणारे पैसेच देत नव्हते त्याची हमी तरी कोण देणार? डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस लिनक्स ८ चा काळ २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीस संपेल. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या एंटरप्राइझ आवृत्तीचा सोर्स कोड सार्वजनिक रीतीने देणं फक्त सेंटओएस स्ट्रीम या पुढच्या आवृत्तीची तयारी होणाऱ्या शाखेपुरतं ठेवलं. ग्राहकाला कोड मिळतो, पण तो पुढे वाटला तर कंपनी करार थांबवू शकते. जीपीएलच्या शब्दांत हे बसवता येत असेलही. मला त्यात बॉक्सच्या काळातली तीच चूक दिसते: जबाबदारी विकायला निघालेला विक्रेता पुन्हा बिट्स अडवायला बसला. जबाबदारी चोख असेल तर नक्कल करणाऱ्याची भीती का वाटावी? दुरुस्तीची नक्कल होते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला फोन लावण्याचा हक्क नकलेबरोबर जात नाही.

म्हणून मधली पायरी पुन्हा बांधावी, आणि ती कशी असावी हेही नेमकं सांगता येतं. आयएसओ सर्वांना एकच, त्याच दिवशी, तोच चेकसम. विकत घेणाऱ्याची फाइल एका बाइटनेही वेगळी नको, म्हणजे मोफत आवृत्ती अधू करण्याचा मोहच उरणार नाही. झोरिनसारखे प्रकल्प सशुल्क आवृत्तीत जास्तीचे डेस्कटॉप लेआउट आणि इन्स्टॉलेशनची मदत एकत्र देतात. मी असतो तर लेआउट सगळ्यांना दिले असते आणि मदतीचीच किंमत लावली असती. विक्रीचा संच फक्त दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचा काढावा. सहा महिन्यांनी बदलणाऱ्या आवृत्तीचा छापील संच दारात पोचेपर्यंत जुना होतो. तोही पहिल्या दिवसाच्या आयएसओचा नको, पहिल्या पॉइंट रिलीजचा (दुरुस्त्या गोळा करून काढलेल्या उप-आवृत्तीचा) हवा, कारण इन्स्टॉलरच्या ठळक चुका तोवर निस्तरलेल्या असतात आणि सुरुवातीच्या अपडेटचा ढीग लहान होतो. ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह पुरतो, पण प्रत्येक ड्राइव्ह लिहून झाल्यावर संपूर्ण वाचून चेकसमशी ताडलेला हवा. स्वस्त ड्राइव्हची खोटी क्षमता आणि खराब सेल तिथेच पकडले जातात. मॅन्युअल सहाशे पानांचं नको, चाळीस पानांचं पुरे. त्यात फक्त पहिला दिवस असावा: बूट मेनू, सिक्युअर बूट, बिटलॉकरची की आधी लिहून ठेवणं, डिस्क कंट्रोलरचा मोड, पार्टिशन, बॅकअप, आणि नेटवर्क कार्ड ओळखलं नाही तर फोनची जोडणी यूएसबीने कशी घ्यायची. मागच्या पानावर सहीच्या चावीचा पूर्ण ठसा.

मदतीची हद्द छापील असावी: इन्स्टॉलेशन आणि अपडेट यांविषयी वर्षभर प्रश्न विचारता येतील, उत्तर दोन कामाच्या दिवसांत मिळेल, स्वतः जोडलेल्या बाहेरच्या रिपॉझिटरीमुळे (सॉफ्टवेअरच्या भांडारामुळे) आलेली अडचण त्यात धरली जाणार नाही. अशी हद्द नसेल तर शंभर ग्राहकांतले पाच जण सगळा वेळ खातात आणि उरलेल्यांना उत्तर मिळत नाही. किमतीची फोड संचावरच द्यावी: ड्राइव्ह आणि छपाईचे इतके, मदतीचे इतके, सुरक्षा-दुरुस्त्या करणाऱ्यांच्या पगाराला इतके. एलिमेंटरी या डिस्ट्रोने २०१५ मध्ये डाउनलोडच्या पानावर रक्कम सुचवायला सुरुवात केली. शून्य लिहूनही फाइल मिळत होती, तरी बराच राग ओढवला, कारण शून्य लिहिणारे फसवणूक करतात असा सूर त्यांच्या स्पष्टीकरणात आला होता. शून्य देणाऱ्याचा हक्क पूर्ण आहे, त्याला ओशाळं करायचं कारण नाही. पैसे देणाऱ्याला काय मिळतं, एवढंच नीट सांगायचं.

आणि संचाच्या दर्शनी बाजूला, नावाच्या खालीच, एक तारीख ठळक छापावी: या आवृत्तीचे सुरक्षा-अपडेट कोणत्या दिवशी संपतील ती. जुन्या बॉक्सवर ती नसे, आणि म्हणूनच रेड हॅट ९ घेणाऱ्याला तेरा महिन्यांनी धक्का बसला. त्या तारखेच्या सहा महिने आधी प्रत्येक ग्राहकाला पुढच्या आवृत्तीवर जाण्याच्या पायऱ्या कळवाव्यात, जुन्या प्रणालीवरून थेट जाता येतं की नव्याने इन्स्टॉल करावं लागतं हे स्पष्ट सांगून, मग तो पुढचा संच विकत घेवो अथवा त्याच दिवशी आयएसओ उतरवून घेवो.